मामांच्या गाडीचे दुखणे

मराठीच्या प्राध्यापकाच्या दारात मर्सिडीज उभी राहिली, की शेजाऱ्यांच्या मनात दोनच शंका येतात. एक तर हा गृहस्थ गाईडे लिहीत असावा, नाही तर गाडी दुसऱ्या कोणाची तरी असावी. आमच्या सोसायटीने पहिले काही दिवस पहिली शंका बाळगली. पुढे गाडीचे वय कळले, तेव्हा सर्वांनी सहानुभूतीने दुसरी पत्करली.

आणि ती खरीच होती. गाडी माझ्या मामांची. मामांनी साताऱ्याला चाळीस वर्षे डॉक्टरकी केली. आयुष्यभर स्कूटर आणि मग एक साधी गाडी वापरली, आणि १९९६ साली, मुलींची लग्ने उरकल्यावर, एकदाच काय ती चैन केली. मर्सिडीज-बेंझने १९९४ साली भारतात कंपनी काढली आणि १९९५ पासून पिंपरी-चिंचवडला, टेल्कोच्या आवारात, गाड्या जुळवायला सुरुवात केली. त्या पहिल्या काळातली ही गाडी. कारखान्यातले तिचे नाव ‘डब्ल्यू १२४’. जर्मनीत हे रूप १९८४च्या अखेरीस बाहेर पडले आणि मजबूतपणाबद्दल त्याची ख्याती झाली. तिचे दार लावले की मंगळसूत्राची डबी मिटल्यासारखा आवाज येतो, असे मामी म्हणत.

मामांचे डोळे अधू झाले, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि एकच अट घातली. ‘‘विकायची वेळ आली तर खुशाल वीक. पण आधी तिला काय झालंय ते कळू दे. निदान झाल्याशिवाय पेशंटला घरी पाठवायचं नाही.’’

ही अट पुढे मला चांगलीच भोवली.

खंबाटकीचे वळण

गाडीचे दुखणे सुरू झाले ते अगदी हळू. गतिरोधक ओलांडल्यावर मागची बाजू एकदा बसून स्वस्थ व्हायची, ती आता दोनदा-तीनदा मान डोलावू लागली. भरधाव मालमोटार शेजारून गेली, की मागचा भाग किंचित हेलकावे खायचा. मागे बसणारे कुरकुरत. मला काही जाणवत नसे, कारण रोज एक-एक पैशाने वाढणारे दुखणे रोज बघणाऱ्याला दिसत नाही. आईला मुलाची उंची कळत नाही, ती वर्षाने आलेल्या आत्याला कळते, तसेच हे.

घराजवळच्या एका गॅरेजात गाडी नेली. तिथल्या माणसाने डिकीवर दोन्ही हातांनी भार दिला, सोडला, आणि गाडी फारशी झुलली नाही हे पाहून म्हणाला, ‘‘सर, शॉकअप तसे ठीक आहेत. गाडीचंच वय झालंय. तरी समाधान होत नसेल तर मागचे दोन स्वस्तात बदलून देतो.’’ त्याने काळेभोर चकचकीत शॉकअप दाखवले आणि बसवले. तीन आठवडे गाडी बरी चालली. मग पुन्हा डोलू लागली. मीही मनाची समजूत घातली, की वयच झाले त्याला कोण काय करणार?

२०२३च्या जुलैत मामा-मामींना साताऱ्याहून पुण्याला आणत होतो. पाऊस रिपरिप चालू होता. खंबाटकीचा बोगदा ओलांडून आम्ही त्या प्रसिद्ध ‘एस’ वळणावर आलो. पुढची मोटार एकाएकी मंदावली, मी ब्रेक दाबला. गाडीचे नाक खाली गेले, मागची बाजू उचलल्यासारखी झाली, आणि रस्त्यावरच्या उंचसखल पट्ट्यांवर मागची चाके टपटप उडू लागली. क्षणभर गाडीचे शेपूट माझ्या ताब्यात नव्हते, ते कठड्याकडे निघाले होते. गाडी थांबली, तेव्हा पुढच्या मोटारीच्या आणि आमच्या मध्ये हातभर अंतर होते.

कोणाला लागले नाही. मामांची पाठ मात्र दोन दिवस धरली. घरी पोचल्यावर मामींनी देवापुढे दिवा लावला आणि शांतपणे सांगितले, ‘‘ह्या गाडीत मी पुन्हा बसायची नाही.’’ सौभाग्यवतींनी अनुमोदन दिले. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा भावही कळला.

मामा तेव्हा पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून पडले होते. त्यांनी विचारलं, ‘‘निदान काय झालं?’’

‘‘सगळे म्हणतात, वय झालं.’’

‘‘अरे, वय झालं हे निदान नव्हे. डॉक्टरला कळलं नाही की तो असं म्हणतो. मीसुद्धा पुष्कळदा म्हटलेलं आहे. गाडीच्या सगळ्या भागांचं वय एकच ना? मग इंजिन कुरकुरत नाही, दारं कुरकुरत नाहीत, मागचीच बाजू का? दुसरा डॉक्टर बघ.’’

नावात घोटाळा

दुसरा डॉक्टर मिळाला पिंपरीकडे. एका लहानशा गॅरेजचा मालक, साठीच्या घरातला, अशा गाड्यांवर हात बसलेला. मामा हट्टाने बरोबर आले. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. मिस्त्रींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझे अज्ञान दूर केले.

शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या मराठीत शॉकअप, हे नाव मुळातच फसवे आहे. मी भाषेचा माणूस, मला हे आधी सुचायला हवे होते. धक्का सोसते ती स्प्रिंग. खड्ड्यात चाक आदळले की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. पण पोटात घेतलेले ती ठेवत नाही. ती उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. पाळण्याला झोका देणे सोपे, तो थांबवायला हात लावावा लागतो. तो हात म्हणजे शॉकअप. तो धक्का शोषत नाही, झोका थांबवतो.

त्याची रचना साधी आहे. तेलाने भरलेले एक नळकांडे. त्यात वरखाली होणारा दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा. चाक हलले की दट्ट्याला त्या भोकांतून तेल ढकलावे लागते. तेल सहजी जात नाही, ओढाताण होते, आणि झोक्याची ताकद उष्णतेत बदलून हवेत निघून जाते. तेलाचा फेस होऊ नये म्हणून पुष्कळ शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. वर्षानुवर्षांच्या वापराने दांड्याभोवतीचे सील झिजते, तेल पाझरते, झडपा सैल पडतात. मग दट्ट्या तेलाऐवजी फेसातून फिरतो, आणि फेस कोणाला अडवणार?

‘‘आणि सर, हे नुसतं आरामाचं काम नाही,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘चाक रस्त्याला टेकलेलं असेल तरच ब्रेक लागतो. हवेतल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग?’’

खंबाटकीच्या वळणावर मागची चाके का उडत होती, ते मला तेव्हा कळले.

प्रश्न, दर्शन, स्पर्शन

आपल्या जुन्या वैद्यांनी रोगपरीक्षेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. मामा ॲलोपाथीचे, पण ह्या तीन पायऱ्या ते मानत. मिस्त्रींना हे शब्द ठाऊक नव्हते; त्यांनी तपासणी मात्र नेमकी त्याच तीन पायऱ्यांनी केली, फक्त सुरुवात शेवटच्या पायरीपासून. ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे, मग ती मर्सिडीज असो वा दुसरी कोणती, त्यांनी ही तपासणी ध्यानात ठेवावी.

प्रथम प्रश्न. गतिरोधकानंतर किती वेळा झुलते? ब्रेक लावल्यावर नाक फार खाली जाते का? वेग घेताना मागची बाजू बसते का? वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या मालमोटारीने हेलकावते का? मागे चार माणसे बसली की जास्त की कमी? मागून ठोकल्यासारखा आवाज येतो का? पुढे बसलेल्याला नव्हे, मागे बसलेल्याला विचारावे. ह्या प्रश्नांची खरी उत्तरे मामींकडे होती आणि त्या घरी रुसून बसल्या होत्या.

मग दर्शन. मिस्त्रींनी गाडी सपाट जमिनीवर उभी केली आणि मागच्या दोन्ही चाकांच्या मधल्या बिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजले. दोन्हीकडे सारखे भरले. म्हणजे स्प्रिंग तुटलेली वा एका बाजूला बसलेली नाही. स्प्रिंग बसली असती तर गाडी त्या अंगाला झुकली असती, आणि शॉकअप बदलून ती वर आली नसती. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नव्हे. ही गल्लत पुष्कळ जण करतात.

नंतर बॅटरी घेऊन ते गाडीखाली गेले. शॉकअपवर धुळीचा पातळ तेलकट थर असणे वावगे नाही. दांडा वरखाली होताना तेलाचा पुसट अंश बाहेर येतोच. पण ओघळ असेल, खालचे टोक ओले असेल, तर मात्र दुखणे ठरले. आमच्या उजव्या शॉकअपवर ओघळ होता. मिस्त्रींनी नखाने खरवडले. चकचकीत काळ्या रंगाखाली जुना गंज निघाला. पहिल्या गॅरेजने बसवलेले ‘नवे’ शॉकअप म्हणजे कुठल्या तरी गाडीचे टाकून दिलेले, भोक पाडून तेल भरलेले आणि रंग फासलेले नळकांडे होते! दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर नवे नाव घालून देणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. पण इथे मीच पूर्ण गुण देऊन मोकळा झालो होतो.

शेवटी स्पर्शन. मिस्त्रींनी माझा हात धरून मागच्या टायरवरून फिरवला. टायरची पाठ सरळ नव्हती. थोड्या थोड्या अंतरावर उथळ खळगे पडले होते. चाक रस्त्यावर टेकून फिरण्याऐवजी उड्या मारत जाते, तेव्हा ते जिथे जिथे आदळते तिथे असे खळगे पडतात. अर्थात टायर असे झिजण्याला चाकाचे बिघडलेले संतुलन किंवा सैल सांधेही कारण होतात. म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही.

‘‘पण त्या गॅरेजवाल्याने डिकी दाबून पाहिली, तेव्हा गाडी झुलली नाही,’’ मी शंका काढली.

ह्याचे उत्तर मला फार आवडले. गाडीचे धूड स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक-दीड वेळ खालीवर होते. हाताने दाबून आपण तेवढेच तपासतो. चाक मात्र खडबडीत रस्त्यावर सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरते, आणि त्या थरथरीची परीक्षा हाताने घेता येत नाही. शिवाय जुन्या सांध्यांतले रबर आखडले असेल, तर तेच झोका थोपवते. म्हणून डिकी दाबल्यावर गाडी झुलत राहिली तर शॉकअप नक्की गेले. पण झुलली नाही, तर ते शाबूत आहेत असे मात्र नव्हे.

मग मिस्त्रींनी गाडी पंधरा मिनिटे खराब रस्त्यावर फिरवून आणली आणि उतरल्याबरोबर दोन्ही शॉकअपच्या अंगाला, आधी जपून, हात लावून पाहिला. डावा चांगलाच कोमट. उजवा जवळजवळ गार. जो काम करतो तो तापतो. जो तापत नाही, तो काम करत नाही. खुर्चीतून मामांनी मान हलवली. ‘‘उजवीकडे नाडी लागत नाही,’’ ते म्हणाले.

सांधेही तपासले. ह्या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांनी धरून ठेवलेले आहे आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला रबरी बुश आहेत. सळईने हळूच उचकून पाहता एका दांड्याचे रबर भेगाळलेले निघाले. तेही यादीत गेले. वयाचा भाग काही नव्हताच असे नाही. पण तो नेमका कुठे आहे, हे आता कळले होते.

शस्त्रक्रिया

शॉकअप जोडीनेच बदलायचे, हा पहिला नियम. एक नवा आणि एक जुना ठेवला, तर गाडी एका अंगाने बसते आणि दुसऱ्या अंगाने उसळते. दुसरा नियम, माल सांगाडा क्रमांक देऊनच मागवायचा. एकाच रूपाच्या गाडीत साधी, जादा भाराची, कडक बांधणीची असे प्रकार असतात. काही गाड्यांत मागची उंची तेलाच्या दाबाने आपोआप सांभाळणारी वेगळीच योजना असते. तिथे हे साधे शॉकअप चालत नाहीत. खोक्यावरचे सील पाहावे, पावती घ्यावी. दिवाळीच्या कपड्यांचे पैसे ह्यात गेले, हे घरात कळायला वेळ लागला नाही.

आदल्या रात्री मिस्त्रींनी सगळ्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. सकाळी पुढच्या चाकांना ठोकळे लावले, कारण हातब्रेक मागच्या चाकांना धरतो आणि मागची बाजू उचलली की त्याचा आधार संपतो. गाडी उचलून घोड्यांवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतो. तिथे काटकसर नको.

पुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ह्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, त्यामुळे स्प्रिंग काढावी लागत नाही. पण दोघांचाही भार चाकाच्या एकाच खालच्या आर्मवर असतो आणि आर्म खाली किती उतरायचा, हे शॉकअपच धरून ठेवतो. आधार न देता शॉकअपचा बोल्ट काढला, तर आर्म खाली झेपावतो आणि दबलेली स्प्रिंग उसळून बाहेर येऊ शकते. ते जिवावर बेतते. म्हणून आर्मखाली दुसरा जॅक लावून तो किंचित वर घ्यायचा, आणि मगच पाना हातात धरायचा. हे ज्याला ठाऊक नाही त्याने हे काम घरी करू नये. मी स्वतः फक्त बॅटरी धरली होती.

वरचे टोक डिकीत निघते. बाजूचे अस्तर दूर केले की रबरी चकत्यांवर बसवलेला नट दिसतो. दांडा फिरू नये म्हणून त्याचे टोक एका पान्याने धरून दुसऱ्याने नट सोडवतात. दांड्याच्या गुळगुळीत अंगाला पक्कड लावायची नाही. एक ओरखडा पडला तरी तो सील फाडतो आणि नवा शॉकअप महिन्यात गळू लागतो. खालचा बोल्ट आर्मवरचे प्लास्टिकचे झाकण काढल्यावर सापडतो.

उजवा शॉकअप बाहेर आला. मिस्त्रींनी तो मामांच्या हातात दिला. मामांनी तळहाताने दांडा दाबला. पंच्याऐंशीला टेकलेल्या माणसाच्या हाताने तो निम्मा आत गेला, आणि तिथेच राहिला. मग त्यांनी नवा घेतला. तो सर्व ताकद लावून जेमतेम चार बोटे दबला आणि सोडताच सावकाश, एकाच संथ गतीने, पूर्ण वर आला. मामा बराच वेळ तसे करत बसले होते.

नवे बसवताना रबरी चकत्या, धुळीचे आवरण आणि दांड्यावरचा रबरी ठोकळा नवाच घातला. नटही नवे. खालचा बोल्ट आर्म गाडीच्या नेहमीच्या उंचीवर आल्यावरच शेवटचा आवळला. लोंबत्या अवस्थेत आवळला, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. आवळणे कारखान्याच्या पुस्तकातल्या मापाने, मोजणाऱ्या पान्यानेच. शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घेतली. नुसत्या शॉकअपसाठी ती सहसा लागत नाही, पण दांड्याचे रबर बदलले होते. जुने शॉकअप भंगारात देताना मिस्त्रींनी बजावले, की आत वायू दाबाखाली असेल तर ते जाळायचे नाहीत, कापायचेही नाहीत.

टायरमधल्या खळग्यांचा घूंऽऽ आवाज मात्र राहिला. टायरच्या पाठीवर जुन्या दुखण्याचे वण उरले होते. पुढच्या पगाराला तेही बदलले. हे आधीच सांगतो, कारण नवे शॉकअप घालूनही आवाज येतो म्हणून पुष्कळ जण मिस्त्रीशी भांडतात.

मामींचा अभिप्राय

गाडी बरी झाली, पण मामींचे मन वळवणे शॉकअपपेक्षा अवघड होते. पावसाळाभर त्या बसने आल्या-गेल्या. शेवटी दिवाळीला त्यांना पुण्याला आणायचे होते, आणि बसचे तिकीट मिळेना. मामा म्हणाले, ‘‘अगं, निदान झालंय, उपचार झालेत. फॉलोअपला तरी ये.’’ मामी मागे बसल्या. मांडीवर चिवड्याचा डबा आणि हातात जपमाळ.

सातारा सोडले. गतिरोधक आला, गाडी एकदा बसली आणि स्वस्थ झाली. मी आरशातून मागे पाहत होतो. मामींचे डोळे रस्त्यावर खिळलेले. वाईचा फाटा गेला. बोगदा जवळ आला, तशी माझ्याच हाताला स्टिअरिंगवर घाम फुटला. बोगद्यातून बाहेर पडलो, वेग कमी केला, पट्ट्या आल्या. मागची चाके खालून गुरगुरली, पण रस्ता त्यांनी सोडला नाही. वळण एका रेषेत गेले. कठडा मागे पडला.

मागून काही आवाज नाही म्हणून मी आरशात पाहिले. मामींची मान खांद्यावर कलली होती, जपमाळ डब्यावर विसावली होती. मामांनी ओठांवर बोट ठेवले.

शिरवळला चहाला थांबलो, तेव्हा त्या दचकून जाग्या झाल्या.

‘‘थांबलास का रे? खंबाटकी आली वाटतं?’’